सासूबाई आत आहेत

गोगलगाय म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग मीठ टाकायची भाषा करतात. शिंपलेबाईंना ह्या दोन्हीची सवय झाली होती. संग्रहालयात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. शंख, शिंपले आणि गोगलगाई हा त्यांचा विभाग, म्हणून त्या शिंपलेबाई. खालच्या मजल्यावर नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं जुळवत बसणारे त्यांचे साहेब ते हाडेसर. पक्ष्यांकडे बघणारा तो पाखरंवाला. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. जन्मभर ज्याच्यात हात घालायचा त्याचंच नाव लागलं तर तक्रार कशाला करायची?

तर ह्या बाईंच्या ताब्यात, वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत, एका काचेच्या पेटीत एक गोगलगाय होती. अंगठ्याच्या पेराएवढी, तपकिरी, कवचावर एक पांढरी रेघ. दिसायला अगदीच बेताची. वाटेत दिसली असती तर कुणी वळूनही बघितलं नसतं. पण तिच्या जातीची जगात ती एकटीच उरली होती. दूरच्या एका बेटावर, डोंगरातल्या झाडांवर ह्या गोगलगाई राहायच्या. आधी झाडं गेली. मग बाहेरून आणून सोडलेली दुसरी एक मांसखाऊ गोगलगाय त्यांच्यामागे लागली. उरल्यासुरल्या मूठभर गोगलगाई बाईंनी स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळून इथे आणल्या, आणि त्या मूठभरातल्याही एकेक करत संपल्या. ही राहिली.

बाईंचा नवरा एकदा तिला बघायला आला होता. बाई फवारा मारत होत्या, सडकी पानं निवडून निवडून आत ठेवत होत्या, आणि "हळू बोल, तिला त्रास होतो" म्हणून त्याला दटावत होत्या. तो म्हणाला, "अगं, माझ्या आईचं ह्याच्या निम्मं केलं असतंस तर ती अजून दहा वर्षं जगली असती! ही तर तुझी दुसरी सासू." झालं! पाखरंवाल्याने ते ऐकलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झालं. तेव्हापासून त्या सासूबाई. सासूबाई जेवल्या का, सासूबाई आज काचेवर चढल्या, सासूबाई रुसून पानाखाली बसल्या. बाहेरून मोठमोठे संशोधक यायचे, नाकावर चष्मा चढवून तिच्याकडे बघायचे, आणि दोन दिवसांत तेही तिला अहोजाहो करायला लागायचे.

तो नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला.

मोजे घालता घालता पलंगाच्या कडेवरून घसरला, डोकं आपटलं म्हणावं तर आपटलंही नाही, पण आत कुठेतरी रक्त साचलं होतं. दवाखान्यात त्याला यंत्रावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू संपलाय, छाती हलतेय ती यंत्राने. बाईंना ते पटेना. त्यांनी हट्टच धरला. अंग गरम आहे, दाढी वाढतेय, रंग बघा, मेलेल्या माणसाचा असा रंग असतो का? जन्मभर मेलेले आणि जिवंत प्राणी हाताळलेली बाई ती, तिला शिकवणार कोण? नातेवाइकांना आधी दया आली, मग कंटाळा आला, मग राग यायला लागला. शेवटी नणंद पुढे झाली. ही नणंद धाकटी, लग्न न केलेली, शिवणकाम करणारी, पहिल्यापासून ह्यांच्याच घरात राहणारी. ती म्हणाली, "वहिनी, पुरे. दादाचे हाल चाललेत." बाईंच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा डॉक्टरांसमोर उभं राहून "बंद करा" हेही तिनेच सांगितलं.

नंतर सगळ्यांनी बाईंना समजावलं. प्रेमाने समजावलं, पण समजावलंच. किती ताणलंस गं. गेलेल्या माणसाला असं धरून ठेवायचं नसतं. आणि गंमत अशी की बाईंना ते पटलं. वाद घालून घालून थकल्यावर माणूस जसं "बरं, असेल" म्हणतं, तसं नाही. अगदी मुळापासून पटलं. कुठे सोडायचं ते आपल्याला कळत नाही, आपला डोळा ह्या बाबतीत फसवा आहे, असं त्यांनी स्वतःबद्दल एकदाचं ठरवून टाकलं.

त्यानंतर त्यांना काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. नणंद रडायची, त्या तिला पाणी आणून द्यायच्या. भूक लागली की नाही ते घड्याळ बघून ठरवायच्या. तापलेल्या भांड्याला हात लागला तर तो मागे घ्यायचा असतो, हेसुद्धा जरा उशिराच लक्षात यायचं. लोक म्हणाले, किती खंबीर आहे बघा! डोंबलाची खंबीर. आत कुणी नव्हतंच.

कामावर परत आल्या तेव्हा पहिल्या दिवशीच पाखरंवाला जिन्यात भेटला. तोंड एवढंसं झालेलं.

"बाई, मी रोज दोनदा फवारा मारत होतो हो. एक दिवस चुकवला नाही."

"काय झालं?"

"सासूबाई आत आहेत. बाहेरच येत नाहीत."

त्याचा काही दोष नव्हता. खोलीत ओलसर हवा सोडणाऱ्या यंत्राची नळी चोंदली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फवाऱ्याने पानं भिजत होती, पण हवा कोरडीठाक पडली होती. हवा कोरडी पडली की गोगलगाई आत जातात, कवचाच्या तोंडावर चिकट पापुद्रा ओढून घेतात, तो वाळून कडक होतो, आणि त्याच्यामागे गप्प पडून राहतात. श्वास नावापुरता, हृदय कधीतरी एखादा ठोका देणार. पाणी मिळालं की उठतात. कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आणि कधी आतल्या आतच संपतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

बाईंनी नळी साफ केली, हवा ओली केली, सासूबाईंना भिजलेल्या शेवाळावर ठेवलं. पापुद्रा मऊ झाला आणि गळून पडला. आत अंधार. सासूबाई इतक्या खोल गेल्या होत्या की विजेरी धरली तरी नीट दिसेनात. रोज सकाळी लोक दारातून डोकवायचे.

"सासूबाई?"

"आत आहेत."

असे बरेच दिवस गेले. आधी लोक मान हलवून जायचे, मग विचारायचेच बंद झाले. बाईंनी वजन केलं, हलकं भरलं. दिव्यासमोर धरून बघितलं. म्हातारं जाड कवच, त्यातून ठोके कसले दिसतायत. वास घेतला. मेलेली गोगलगाय अशी घाण मारते की विचारू नका. ह्यांना वास नव्हता. आता वास नाही ह्याचा अर्थ जिवंत असाही होतो, आणि आतच सुकून खडखडीत झाली असाही होतो.

मग एका दुपारी हाडेसर वर आले. ते सहसा वर येत नसत, गुडघे दुखायचे. स्टुलावर बसले आणि पेटीकडे बघत राहिले.

"बाई, तुमचं मत काय?"

"सांगता येत नाही, सर."

"मी तुम्हाला घाई करत नाही." हे वाक्य घाई करणारी माणसंच बोलतात, पण हाडेसर माणूस वाईट नव्हता. "माझी अडचण समजून घ्या. माझा सगळा जन्म हाडांत गेला. प्रचंड जनावरं, झाडं उपटणारी, आणि माझ्या हातात काय, तर जबडा आणि दोन मणके. मांसाचा एक तुकडा मिळाला असता तर काय काय कळलं असतं! पण कुणी ठेवलाच नाही. आता ही आपल्या डोळ्यांदेखत शेवटची. गेली असेल, तर दर दिवशी आतलं सडतंय, सुकतंय. पेशी ताज्या असतानाच राखून ठेवल्या तर पुढे कधीतरी कुणीतरी काहीतरी करेल. नाहीतर एक रिकामं कवच उरेल. तसली कवचं तुमच्या कपाटात ढीगभर आहेत."

"आणि नसेल गेली तर?"

"तेच तर विचारतोय. तुम्ही म्हणाल ते. तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबेन."

पूर्वीच्या शिंपलेबाई असत्या तर इथे कडाक्याचं भांडण झालं असतं. सरांना जिन्यापर्यंत पोचवून दार लावून घेतलं असतं त्यांनी. सर, वास मारेपर्यंत हात लावू देणार नाही, पेशी गेल्या खड्ड्यात, असं तोंडावर सांगितलं असतं. हाडेसरांनाही बहुधा तेच अपेक्षित होतं. भांडण ऐकायच्या तयारीनेच ते स्टुलावर नीट बसले होते. बाईंनी पेटीकडे बघितलं. थांबावं, असं आत काहीतरी म्हणत होतं. पण ते तर दवाखान्यातही म्हणत होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं आता ठरलेलं होतं. परत सगळे म्हणणार, हिला सोडता येत नाही.

"गेल्या असाव्यात," बाई म्हणाल्या. "मी आज पाण्यात ठेवते. उद्या सकाळी पेशी काढू."

हाडेसर जरा चमकले. "नक्की?"

"हो."

आता ही पाण्यात ठेवायची भानगड अशी. मेलेली गोगलगाय आत आक्रसून चिकटलेली असते. कवच फोडायचं नसेल तर तिला वाटीभर पाण्यात भिजवायची, म्हणजे अंग सैल पडतं आणि चिमट्याने अख्खं बाहेर घेता येतं. साधं नळाचं पाणी चालतं, उघडी वाटी चालते. जिवंत गोगलगाय संग्रहासाठी मारायची असते तेव्हाची रीत वेगळी. तेव्हा पाणी उकळून हवा काढून टाकायची, ते गार करायचं, बरणी काठोकाठ भरायची आणि झाकण असं लावायचं की आत एक बुडबुडा राहता कामा नये. मग गोगलगाय श्वासासाठी हळूहळू सगळी बाहेर येते, शिंगं लांब करून हवा शोधते, आणि तशीच पसरलेली मरते. नमुना सुंदर येतो. ऐकायला क्रूर वाटतं, आहेच क्रूर, पण जगभरच्या कपाटांतल्या गोगलगाई अशाच गेल्या आहेत, आणि बाईंनी तरुणपणापासून हेच केलेलं.

बाईंनी पाणी उकळलं. गार केलं. बरणी काठोकाठ भरली. सासूबाईंना बोटांत धरून आत सोडलं, त्या तळाशी जाऊन आडव्या झाल्या. बाईंनी झाकण तिरपं सरकवत, एकही बुडबुडा न ठेवता, फिरवून घट्ट बसवलं. हात आपले आपण चालले होते. बाई त्या वेळी कसलाही विचार करत नव्हत्या. विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं की त्यांनी आत्ता काय केलं. बरणी फडताळावर ठेवली, टेबल पुसलं, दिवा घालवला आणि घरी गेल्या. वाटीत ठेवल्या असत्या, तर सासूबाई मध्यरात्री कधीतरी काठावर चढून बसल्या असत्या.

घरी नणंदेने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गेल्या सासूबाई."

"अगंबाई! मग?"

"मग काही नाही."

नणंदेने डोळे पुसले. भावाने ठेवलेलं नाव ते, तेही संपलं म्हणून तिला वाईट वाटलं असावं. बाई ताटं घ्यायला उठल्या.

सकाळी बाईंनी खोली उघडली, कोट अडकवला, चिमटा आणि पातं काढून ठेवलं आणि मग बरणीकडे बघितलं.

सासूबाई तळाशी नव्हत्या. त्या वर होत्या, झाकणाला लागून. कवचातून सगळ्या बाहेर आलेल्या, कधी नव्हे एवढ्या लांब, अंगाची कड न् कड उलगडलेली. चारही शिंगं ताणलेली. पायाचा तळवा झाकणाच्या खालच्या बाजूला पसरून दाबलेला. मेलेलं जनावर काचेवर चढत नाही. हे कळायला शिंपलेबाई असायची गरज नाही.

त्यांनी झाकण फिरवलं. सासूबाईंना तळहातावर घेतलं, ओल्या फडक्यावर ठेवलं, नखाच्या टोकाने शिंगाला हात लावला. शिंग आत गेलं नाही. पुन्हा लावला. मग तळव्याला. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, फडक्यावर अधूनमधून पाणी शिंपडत, सरांचे गुडघे जिना चढून येईपर्यंत.

हाडेसर आत आले आणि म्हणाले, "वा! काय सुरेख उघडली आहे!" आणि तेवढं बोलून थांबले. हाडांचा माणूस असला तरी रीत त्यांना माहीत होती. त्यांनी बरणीकडे बघितलं, बाजूला पडलेल्या झाकणाकडे बघितलं, आणि मग ते स्टुलावर बसले ते बसलेच.

"बाई..."

"जिवंत होत्या, सर."

"मी तुम्हाला भरीला घातलं."

"नाही. तुम्ही मला विचारलंत. मी हो म्हणाले."

"असं कसं झालं हो? तुमच्या हातून?"

हाडेसर रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिश्यांचा, चष्मा काढून हातरुमालात फुंदत होता. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांत जन्म काढलेला. एक जात संपताना समोर बसून बघायची त्याची पहिलीच वेळ. बाईंनी त्यांना चहा करून दिला. "साखर घातली आहे," म्हणाल्या. मग त्यांनी पातं उचललं आणि पायाचा तुकडा काढला, मग आणखी एक, मग यकृताचा, आणि सगळे बर्फाहून गार नळ्यांत भरले. पेशी ताज्या हव्या होत्या ना, तर ह्यांच्याहून ताज्या पेशी संग्रहालयात आजवर आल्या नव्हत्या. पाखरंवाला दारात येऊन उभा राहिला, आणि गेला. "मी वरती कळवतो, काय झालं ते जसंच्या तसं. दोघांच्या नावाने," हाडेसर म्हणाले. बाई म्हणाल्या, "बरं."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नणंद मशीनवर होती. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवून मांडीवर घेतलेलं, तोंडात टाचण्या.

"आलीस?" टाचण्या सांभाळत ती म्हणाली. "जेवण झाकून ठेवलंय. झालं का सगळं नीट?"

"झालं," बाई म्हणाल्या. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. "पण त्या गेल्या नव्हत्या. जिवंत होत्या. मी बुडवल्या म्हणून गेल्या."

दूध नासलं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. नणंदेने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"म्हणजे? तू तपासलं होतंस ना?"

"तपासलं होतं."

"वजनबिजन केलंस म्हणत होतीस. सरांनीही बघितलं."

"हो. सगळं केलं."

"आणि तरी?"

"तरी."

नणंद अस्तराची शिवण बोटाने मागेपुढे करत राहिली. बाई हात धुवायला वळल्या. मागून तिचा आवाज आला, अगदी लहान.

"वहिनी, मग दादा?"

बाई जागच्या जागी थांबल्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. ही पोरगी दोन महिने घर चालवत होती, स्वयंपाक करत होती, गिऱ्हाइकांशी हसून बोलत होती, आणि हे सगळं एका खात्रीवर चाललेलं होतं: ती "बंद करा" म्हणाली तेव्हा तिचा भाऊ आधीच गेलेला होता. बाईंनी वळून बघितलं. नणंदेचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"वेडी आहेस का?" बाई म्हणाल्या. "गोगलगाय ती! मनात आलं तर मेल्यासारखी पडते, मनात आलं तर उठते. माणसाचं तसं नसतं. दादा आधीच गेला होता."

"पण तूच म्हणत होतीस, अंग गरम आहे म्हणून."

"यंत्रामुळे असतं ते."

"आणि शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, त्याने तुझं बोट दाबलं. सगळ्यांसमोर म्हणालीस. मी म्हटलं, भास होतोय तुला. मी तुला ओरडलेसुद्धा." नणंदेचा श्वास लागला. "वहिनी, खरं सांग. दाबलं होतं का त्याने?"

बाई तिच्यासमोर जाऊन खाली बसल्या.

"नाही."

"नक्की?"

"मला तसं वाटावं असं वाटत होतं. म्हणून म्हणाले. दाबलं नव्हतं."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

नणंदेने कोट बाजूला टाकला आणि वहिनीच्या मांडीत डोकं खुपसून ती ढसाढसा रडली. सुटल्यासारखी रडली. बाई बसून राहिल्या. त्याने बोट दाबलं होतं. एकदा हळू, आणि बाईंनी हाक मारल्यावर पुन्हा एकदा, जोरात. दोन महिने त्यांनी ते खोटं ठरवून टाकलं होतं, आणि आता ते बोट मुळापासून ठणकत होतं, दुखणं खांद्यापर्यंत चढत होतं, आणि ओरडायची सोय नव्हती. त्यांनी दातांवर दात दाबले. मग तोच हात उचलून त्यांनी नणंदेच्या केसांवरून फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, ती गप्प होईपर्यंत.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. "तोंड धू. जेवून घेऊ."